आयसिंग बिघडतं ते पाण्याने

नाताळ तोंडावर आला की कुकीज भाजून होतात आणि मग आयसिंगशी झटापट सुरू होते. मी आज फक्त रॉयल आयसिंगबद्दल, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून कुकीजवर लावतात त्या लेपाबद्दल, बोलणार आहे. वाळून टणक होतं ते. बटरक्रीम चवीला छान, पण डब्यात एकावर एक रचलेल्या कुकीजवर त्याचा चिखल होतो.

एका अंड्यातला पांढरा भाग साधारण 30 ग्रॅम भरतो. त्याला 150 ते 180 ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाचे चार थेंब. घरची पिठीसाखर कितीही दळली तरी तिचा एखादा कण नेमका नोझलच्या, म्हणजे आयसिंगच्या पिशवीला लावतात त्या टोकदार नळीच्या, तोंडाशी अडकतो, म्हणून विकतचीच घ्या आणि तीही चाळून. भांड्याला तूप-तेलाचा ओशटपणा नको, नाहीतर पांढरा भाग फुलणारच नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा धोका असतो. लहान मुलं, गरोदर बाई, आजी-आजोबा खाणार असतील तर मेरिंग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्या भागाची पूड) वापरावी: 450 ग्रॅम साखरेला तीन मोठे चमचे पावडर आणि पाच-सहा मोठे चमचे पाणी. ज्यांच्या घरात अंडं येतच नाही, त्यांनी छोले शिजवलेलं दाटसर पाणी फेटून बघा. ते अंड्यासारखं फुलतं, हे 2014 साली झोएल रोसेल नावाच्या फ्रेंच गायकाने दाखवून दिलं. गायकाने, हो!

आता मुख्य गोष्ट. साखर पाण्यात किती विरघळते? घरातल्या तापमानाला पाण्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे एक छोटा चमचा, 5 मिली पाणी घातलंत, की 10 ग्रॅम साखर त्यात विरघळू शकते. पाणी तर वाढतंच, वर घट्टपणा देणारी साखरही कमी होते. म्हणून काल घट्ट असलेलं आयसिंग आज एका चमच्याने धावायला लागतं. पाणी चमच्याने घालूच नका. बोट बुडवा आणि थेंब झटका.

पातळपणा कसा ओळखायचा? सुरीने मधोमध रेघ ओढा आणि मनात आकडे मोजा. दहा-पंधराला रेघ मिटली, तर ते आतला भाग भरायला बरोबर. वीस-पंचविसाला मिटली, तर कडेची रेघ काढायला. पाचच्या आत मिटली, तर चाळलेली साखर घाला. भरून झालं की टाचणीने बुडबुडे फोडायचे, लगेच, कारण दोन-चार मिनिटांत वर पापुद्रा धरतो. भांड्यावर ओलं फडकं झाकायचं तेही त्यासाठीच.

वाळवणं हे मुंबईकरांचं खरं दुखणं. दमट हवेत आयसिंगमधलं पाणी जायला तयारच नसतं. पंख्याखाली ठेवा, रात्रभर. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर त्याला घाम फुटतो आणि लाल रंग पांढऱ्यात उतरतो. रंग जेलचाच घ्या, पाण्याचा रंग म्हणजे पुन्हा पाणीच. आणि गडद लाल हवा असेल तर रंग आदल्या दिवशी कालवा, तासा-दोन तासांत तो आपसूक चढतो.

मघाशी एका ताईंनी विचारलं, नानखटाईवर चालेल का? नाही चालणार. तिला वरून चिरा असतात, आणि तूप आयसिंगमध्ये झिरपून पिवळे डाग पडतात. तिच्यावर पिस्त्याचा काप असतो, तो पुरे.