जिवंत मेंढ्याच्या मांसाची पारख

स्कॉटलंडमधल्या एका गोठ्यात टेक्सेल जातीचा तरुण मेंढा खोड्यात उभा आहे. त्याच्या कमरेवरची लोकर बाजूला सारून कातडीवर तेल चोळले जाते आणि सोनोग्राफीचा प्रोब कमरेच्या तिसऱ्या मणक्यावर आडवा टेकवला जातो. पडद्यावर दिसणारा लंबगोल भाग म्हणजे पाठीचा स्नायू, खाटीक ज्याचे चाप पाडतो तोच. त्याच्या वरचा अरुंद पट्टा कातडीखालच्या चरबीचा आहे. दोन्हींची जाडी मिलिमीटरमध्ये नोंदवली जाते आणि मेंढा आपल्या पायांनी कळपात परततो.

एरवी मांसाची प्रत कत्तलीनंतरच कळते आणि कापलेल्या मेंढ्यापासून पैदास होत नाही. म्हणून त्याच्या कोकरांची कत्तल करून बापाचा कस ठरवावा लागे व त्यात वर्षे निघून जात. आपल्याकडचा धनगर पाठकण्यावर बोटे दाबून मेंढ्याचे अंग जोखतो; ब्रिटनमधले मेंढपाळही तसेच चाचपून १ ते ५ गुण देतात. ही पारख मोलाची आहे, परंतु स्नायूच्या आत काय आहे ते बोटांना कळत नाही.

ते सीटी स्कॅनमध्ये कळते. तपासणी महाग असल्याने सोनोग्राफीत सरस ठरलेले मोजकेच नर तिच्यासाठी निवडले जातात. सौम्य गुंगीचे औषध दिलेला मेंढा उताणा झोपवून पट्ट्यांनी बांधतात आणि मांडी, कंबर व छाती येथील आडवे छेद टिपतात. १९७१ मध्ये याच तंत्राने प्रथम रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. ते घडवणाऱ्या गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या नावाच्या घनतेच्या मापात पाणी शून्यावर येते, चरबी उणे १०० च्या आसपास आणि स्नायू साधारण अधिक ५० वर. त्यामुळे हाड, मांस आणि चरबी चित्रात स्पष्ट वेगळी पडतात. स्नायूची घनता जितकी कमी, तितकी त्याच्या धाग्यांमध्ये चरबी अधिक मुरलेली असते, आणि मटणाचा रसाळपणा व चव बऱ्याच अंशी तिच्यावरच अवलंबून असते. केवळ कमी चरबीचे नर निवडत गेल्यास ही मुरलेली चरबीदेखील घटते.

मोजमापांवरून प्रत्येक नराचे पैदासमूल्य, म्हणजे त्याचे गुण कोकरांत कितपत उतरतील याचा अंदाज, काढले जाते आणि लिलावात बोली लावण्याआधी ग्राहक ते पाहू शकतो.