शेराने वसवलेली गावं

भूमध्य समुद्राच्या बाजूने जेरुसलेमकडे निघालं की सपाटी संपते आणि डोंगर अंगावर येतो. दोन्हीकडे खोल दऱ्या, मधून वर चढत जाणारी एक अरुंद सोंड. तिच्या खालच्या अंगाला बेत ऊर अल-तहता, वर बेत ऊर अल-फौका. आज ही वेस्ट बँकमधली पॅलेस्टिनी गावं आहेत. हिब्रू शास्त्रात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात (ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारात), त्यांना म्हणतात खालचं आणि वरचं बेथ-होरोन. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, पण चढ दोनशे मीटरच्या आसपास.

ती वसवली कोणी? उत्तर याच शास्त्रातल्या ‘पहिला इतिहास’ नावाच्या पुस्तकात आहे. त्याचे पहिले ९ अध्याय म्हणजे वंशावळच. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा फलाणा. बहुतेक वाचक ही पानं उलटून पुढे जातात. सातव्या अध्यायात, इस्राएलच्या कुळांपैकी एफ्राईमच्या कुळापाशी मात्र थांबायला हवं.

एफ्राईमची मुलं, एजेर आणि एलाद, गथ या शहराच्या लोकांची गुरं पळवायला जातात आणि तिथेच मारली जातात. बाप कितीतरी दिवस शोक करत बसतो. भाऊबंद समाचाराला येतात. पुढे बरीया नावाचा मुलगा होतो. आणि मग एकच ओळ: एफ्राईमची मुलगी शेरा. तिने खालचं बेथ-होरोन, वरचं बेथ-होरोन आणि उज्जन-शेरा ही गावं बांधली.

नवऱ्याचं नाव नाही, मुलांची यादी नाही. तिची ओळख तिच्या कामाने दिली आहे. गावं वसवल्याचं श्रेय हिब्रू शास्त्रात दुसऱ्या कुठल्याही स्त्रीला दिलेलं नाही.

एफ्राईमचा जन्म इजिप्तमधला, मग त्याच्या मुलीने कनानात, म्हणजे या गावांच्या प्रदेशात, गावं कशी उभारली, हा पेच जुनाच आहे. अशा वंशावळींत माणसांची आणि घराण्यांची नावं एकमेकांत मिसळतात, असं अनेक अभ्यासक सांगतात. तसं असलं तरी ही गावं एका बाईच्या नावावर सांगितली गेली आणि लिहिणाऱ्याने ते नाव गाळलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि जागा तरी कसली! ही दोन गावं ज्याच्या हाती, त्याच्या हाती जेरुसलेमची वाट. शास्त्रातल्या यहोशवाच्या पुस्तकात इस्राएलशी लढणारे अमोरी राजे याच उतरणीने पळतात. इस्राएलचा राजा शलमोन इथे तट, वेशी आणि अडसर उभारतो. इ. स. पू. १६६ मध्ये ज्यू बंडाचा नेता यहूदा मक्काबी याने ग्रीक सेल्युसिड सत्तेचा सेनापती सेरोन याचं सैन्य इथेच उधळलं.

इ. स. ६६ मध्ये जेरुसलेमहून माघारी निघालेला रोमन सेनानी सेस्तियस गॅलस या घाटात अडकला. त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो, की त्याने ४०० शिपाई छपरांवर ठेवले, रात्रभर पहाऱ्याच्या आरोळ्या द्यायला लावल्या आणि बाकीची फौज घेऊन गुपचूप निसटला. त्या माघारीत ५,००० हून अधिक रोमन मेले.

शेराचं तिसरं गाव, उज्जन-शेरा, नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण पश्चिमेकडच्या बेत सीरा या गावाकडे बोट दाखवतात.