आमटीतली अर्धा चमचा हळद

(बेळगावात एका महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आत्ता दारात तुम्ही हळदकुंकू लावलंत, ओटीत हळकुंड घातलंत आणि लगेच म्हणालात, ‘डॉक्टर, आता मसाल्यांच्या औषधी गुणांवर बोला.’ बोलते की. पण मी तीस वर्षं दवाखाना सांभाळलाय आणि त्याहून जास्त वर्षं स्वयंपाकघर, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणार. काही जणींना ते आवडणार नाही.

हा माझ्या घरातला मसाल्याचा डबा. तसाच उचलून आणलाय, पुसलासुद्धा नाही. यातला हा छोटा चमचा सपाट भरला की साधारण 3 ग्रॅम हळद बसते. चार माणसांच्या आमटीत आपण किती घालतो? बरोबर, अर्धा. म्हणजे दीड ग्रॅम. हळदीतल्या ज्या कर्क्युमिन नावाच्या घटकाचं एवढं कौतुक चालतं, ते हळदीत असतं शेकडा 3 च्या आसपास. म्हणजे या अर्ध्या चमच्यात 45 मिलिग्रॅम, आणि त्याला वाटेकरी चार. एकेकाच्या ताटात आलं 11 मिलिग्रॅम. फोनवर ज्या प्रयोगांच्या बातम्या तुम्ही एकमेकींना पाठवता, त्यांत माणसांना दिवसाला 500, 1000, कधी त्याहूनही जास्त मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलेलं असतं. 1000 मिलिग्रॅम नुसत्या हळदीतून मिळवायचं म्हटलं तर असे अकरा चमचे रोज लागतील. तशी आमटी कुणी केलीत तर मला जेवायला बोलावू नका.

‘पण मिरी घातली की हळद लागू पडते ना?’ हा प्रश्न येणारच. तो प्रयोग आपल्याच राज्यातला, बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांचा, 1998 चा. त्यांनी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं, त्याच्याबरोबर मिरीतलं पायपरीन 20 मिलिग्रॅम दिलं, आणि रक्तात पोचणारं कर्क्युमिन वीसपट वाढलं. खरी गोष्ट आहे. फक्त वीसपट कशाच्या, ते कुणी पुढे पाठवत नाही. नुसतं कर्क्युमिन घेतलं तर रक्तात ते जेमतेम सापडतं. जेमतेमच्या वीसपट. आणि दिलेलं होतं 2 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन, आमटीतली चिमूट नव्हे.

अमेरिकेत 1995 साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने ते लढून 1997 मध्ये रद्द करून घेतलं, डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिथे प्रमुख होते. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. पण ते पेटंट रद्द झालं ते ‘यात नवीन काही नाही, हे आमच्या आज्जीला ठाऊक होतं’ एवढ्यासाठी. हळदीने सगळे रोग बरे होतात असा निकाल तिथे कुणी दिलेला नाही. हळदीच्या कॅप्सूल मात्र जपून. त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं निरनिराळ्या देशांत नोंदली गेली आहेत, आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. भाजीतल्या हळदीने असं काही होत नाही.

मग मसाल्याचा उपयोग काय? माझं म्हणणं असं, की मसाला अंगात जाऊन काय करतो हे आपण फार विचारतो. तो ताटात काय करतो, तिकडे बघा. नुसती शिजवलेली मसूर तुमचा नातू खाईल? शेपूची भाजी, हरभऱ्याचा पाला, दोडका, नुसतं उकडून वाढलं तर घरात भांडण होईल. त्यालाच लसणाची फोडणी द्या, जिरं तडतडू द्या, हिंग पडू द्या, भाकरी कमी पडते. डाळ आणि पालेभाजी माणसाच्या पोटात रोज, आनंदाने, तक्रार न करता घालायची युक्ती म्हणजे हा डबा. औषधाचं काम डाळ-भाजी करते, डबा तिला घरात शिरायला दार उघडून देतो.

लसणाचं आणखी एक सांगते. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेत 2010 च्या सुमारास प्रयोगशाळेत तपासलं गेलं, की धान्य-कडधान्यात लसूण-कांदा मिसळला तर त्यातलं लोह आणि जस्त शरीराला घेता येईल अशा रूपात जास्त मोकळं होतं. देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी शंभरात 57 जणींना रक्त कमी, हा 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा आहे. तेव्हा आमटीत लसूण सढळ हाताने घाला, वरून लिंबू पिळा, आणि जेवण झाल्या झाल्या चहा ठेवू नका. चहा लोहाला अडवतो. हे शेवटचं मी दवाखान्यात इतक्या वेळा सांगितलंय, आणि सांगून झाल्यावर पेशंटच्या मुलीने माझ्यासाठीच चहा आणलाय.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट, चटणी. पुण्या-मुंबईची पाहुणी आली की चटणी म्हणजे खोबऱ्याची समजते. आपल्याकडे चटणी म्हणजे वर्षाची, लाल, बरणीतली. मार्च-एप्रिलात रविवार पेठेत मिरचीच्या पोत्यांची रांग लागते. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, 2011 पासून भौगोलिक मानांकन असलेली, लालभडक आणि जिभेला मवाळ. संकेश्वरी आपल्या हुक्केरी तालुक्यातली, लांब, बारीक, आणि मवाळ अजिबात नाही. धने, जिरं, तीळ, खोबरं, लवंग, दालचिनी, दगडफूल सगळं भाजायचं, डंकावर कुटायला न्यायचं, शिंकत शिंकत घरी आणायचं.

माझ्या यजमानांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा मी डॉक्टर या नात्याने घरात कडक नियम केला: भाजीत मीठ निम्मं. दोन महिने झाले, प्रेशर जागच्या जागी. मी त्यांच्यावर संशय घेतला. ऑफिसात भडंग खाता का, लोणचं चोरून खाता का. बिचारे शपथा घेत राहिले. एके दिवशी बरणीतून चटणी काढताना चमच्यात एक पांढरा खडा दिसला. खडामीठ! सासूबाईंच्या मापाने किलो मिरचीला पाव किलो मीठ पडायचं, टिकायला. बाकी सगळा मसाला धरून चटणी भरायची अडीच किलोच्या घरात. म्हणजे दहावा हिस्सा मीठ. 10 ग्रॅमचा शीग भरलेला चमचा चटणी घेतली की 1 ग्रॅम मीठ आलंच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी. सकाळी पोह्यांवर, दुपारी भाजीत, रात्री तेल घालून भाकरीबरोबर, असे तीन चमचे झाले तर निम्म्याहून जास्त मीठ ‘तिखट’ या नावाने पोटात. मी ते भाजीत मोजत होते आणि चटणीत विसरत होते.

दुसऱ्या वर्षी मीठ न घालता चटणी केली, लसूण वाळवून घातला, आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवली. टिकली. सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, ‘बरी आहे.’ त्यांच्या भाषेत ते वाईटच. पण पंधरा दिवसांत कुणाला मीठ आठवेना, कारण तिखट, आंबट आणि खमंग वास एकत्र असले की जीभ मिठाची मागणी कमी करते. मसाल्याचा हा फायदा हळदीच्या कॅप्सूलपेक्षा मला मोठा वाटतो.

जाता जाता मिरचीची एक गंमत. ती आपली नव्हेच. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याला उतरली आणि घाट चढून वर आली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी. म्हणून मराठीत मिरीवरून मिरची. आणि कन्नडमध्ये बघा, मिरी म्हणजे मेणसु, मिरची म्हणजे मेणसिनकाई, मेणसाचं फळ. दोन्ही भाषांनी या पाहुणीला मिरीचंच नाव देऊन घरात घेतलं. त्यावर इथे अजून वाद झालेला नाही, हे नशीब.

ती झोंबते ते तोंड भाजल्यासारखं, कारण नसांच्या टोकावरच्या ज्या ग्राहकाने, म्हणजे रिसेप्टरने, शरीराला चटका कळतो, तोच मिरचीतल्या कॅप्सायसिन या तिखट द्रव्यानेही चेततो. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिखट लागल्यावर पाणी पिऊन भागत नाही, ताक किंवा दूध लागतं. मूळव्याध, जळजळ असलेल्यांनी हात आखडता घ्यावा, बाकीच्यांनी खावी.

मेथीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. एक गृहस्थ दवाखान्यात यायचे, साखर गोळ्यांनी छान आटोक्यात. मध्येच चार महिने गायब. आले तेव्हा साखर साडेतीनशेच्या वर. ‘गोळ्या बंद केल्या बाई, रोज रात्री मेथ्या भिजवून सकाळी पाणी पितो.’ किती मेथ्या? एक चमचा. आता मेथीत विरघळणारा तंतू भरपूर असतो, त्याने जेवणानंतरची साखर हळू चढते, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अभ्यासलेलं आहे. पण तिथे मेथीची पूड दिली होती दिवसाला 25 ग्रॅमपासून 100 ग्रॅमपर्यंत, आणि तीही जेवणातून. हे पीत होते मेथ्यांचं पाणी. मेथी खा, भाजी करा, थालीपीठात घाला. गोळी सोडू नका.

बाकीचं पटकन. आल्याने मळमळ कमी होते, गरोदरपणातल्या सकाळच्या मळमळीलासुद्धा, दिवसाला ग्रॅमभर पुरतं. लवंगेतलं युजेनॉल दाताचे डॉक्टरही वापरतात, पण लवंगेने किडलेला दात भरत नाही. दालचिनीचा चहा रोज पिणाऱ्यांनी जाड सालीची, स्वस्त, कॅसिया म्हणतात ती टाळावी, तिच्यात कुमारिन जास्त असतं आणि ते रोज जास्त गेलं तर यकृताला बाधतं. करोनाच्या वर्षात काढा पिऊन तोंड आलेले, पोटात आग पडलेले इतके पेशंट पाहिले, की काढा हा शब्द ऐकला तरी मी अँटासिड लिहायला घ्यायची. आणि निपाणी-चिकोडीकडून माहेर असलेल्यांनो, रागावू नका. मिश्री लावायची आणि वर तोंडात लवंग धरायची, याने हिशेब फिटत नाही. मिश्री म्हणजे तंबाखू.

मागून काय विचारताय? मोठ्याने सांगा, काकू. देठ काढताना मिरची आतून पांढरी-काळी निघाली तर ऊन दाखवून वापरावी का? नाही. वळिवाच्या पावसात ओल लागली की आत बुरशी धरते, आणि काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करतात. यकृताचा कर्करोग करणारं ते आहे. उन्हात बुरशी वाळते, विष तसंच राहतं. फोडणीतही जात नाही, डंकावरही जात नाही. कुटल्यावर तर सगळ्या बरणीत पसरतं. वेगळी काढा आणि टाका. हो, ब्याडगी असली तरी. शेंगा चटणीला कुबट शेंगदाणे खपवता, तेही तसंच. आणि म्हशीला घालू नका ते. दुधातून परत येतं.