उघड्यावर ओढलेली काडी

श्रोतेहो, नमस्कार.

वसमत तालुक्यातल्या आमच्या गावालगत एक आखाडा आहे. आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे, शेतातल्या वस्तीला आमच्याकडं आखाडा म्हणतात. दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही काही माजी सैनिक तिथं जमतो. कुणी माझ्यासारखा तोफखान्यातला, कुणी मराठा लाइट इन्फंट्रीचा, कुणी महार रेजिमेंटचा, एक जण सीमा सुरक्षा दलातून पेन्शन आलेला. कडब्याच्या गंजीपासून लांब, विहिरीच्या अंगाला बाजा टाकलेल्या असतात. प्रत्येकाजवळ एक कापडी थैली असते. तीत पाइप, तंबाखूची डबी, काडेपेटी आणि राख दाबायला बोथट केलेला एक खिळा. आम्ही पाइप भरतो, पेटवतो आणि बसतो. बोलणं थोडंच होतं. अंधार पडला की आपापल्या घरी जातो.

गावातली पोरं विचारतात, ‘काका, तिथं बसून तुम्ही करता तरी काय?’ आज आकाशवाणीवरून त्याचं उत्तर द्यावं असं मनात आहे. कारण हिंगोली, परभणी, नांदेड, बीड, कुठल्याही जिल्ह्यात जा, गावागावांत फौजेतून आलेली माणसं आहेत आणि त्यांच्या घरच्यांना त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ लागत नाही.

आधी वेळेचं सांगतो. मोर्चावर, म्हणजे सीमेवरच्या खंदकात असताना पहाट आणि संध्याकाळ या दोन वेळा सगळ्यांत धोक्याच्या. उजेड पुरता गेलेला नसतो, नजरेला धड दिसत नाही, आणि हल्ला करणारा नेमकी हीच वेळ गाठतो. म्हणून त्या वेळी प्रत्येक पोस्टवर ‘स्टँड-टू’ होतो. जवान आपापल्या मोर्चात, हत्यार हातात, नजर समोर. जेवण नाही, गप्पा नाहीत. अंधार नीट पडला की ‘स्टँड-डाउन’. वर्षानुवर्षं हे केलं की शरीर ते लक्षात ठेवतं. पेन्शन मंजूर होते, माणूस घरी येतो, लेकीबाळींची लग्नं होतात, तरी दिवस कलला की छाती धडधडायला लागते. घरात दिवा लागलेला असतो, चुलीवर भाकरी पडलेली असते, आणि हा माणूस अंगणात येरझारा घालत असतो. दार लावलं का बघतो, गोठ्यामागं जाऊन येतो. बायको म्हणते, ‘आवं, बसा की जरा.’ त्याला बसता येत नाही.

आमची बैठक त्याच वेळेला भरते, हे कुणी ठरवून केलेलं नाही. ज्याला घरात राहवत नव्हतं तो बाहेर पडला, दुसरा त्याच कारणानं पडला, आणि दोघं एका बांधावर भेटले.

आता काडीचं. सीमेवरच्या पोस्टवर अंधार पडल्यावर उघड्यावर काडी ओढायची नाही, हा पहिल्या दिवसापासून अंगात भिनवलेला धडा. काळोखात एका काडीचा उजेड फार लांबून दिसतो आणि समोरच्याला नेम धरायला तेवढा पुरतो. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून विलायती सैनिकांत एक समजूत चालत आली, की एका काडीवर तिघांनी सिगारेट पेटवायची नाही. पहिल्याला शत्रू बघतो, दुसऱ्याला नेम धरतो, तिसऱ्याला गोळी घालतो. आमच्या काळातही ज्याला तलफ यायची तो बंकरमध्ये घोंगडीखाली, हाताची ओंजळ करून, विस्तव दिसणार नाही असा ओढायचा.

म्हणून मला वाटतं, या बैठकीचं सगळं मर्म त्या एका क्षणात आहे. दिवस बुडालेला, समोर उघडं रान, आणि माणूस सावकाश काडी ओढतो. पाइपला एक काडी पुरत नाही, दोन-तीन लागतात. ज्वाला भांड्यावर गोल फिरवावी लागते, तोंडावर उजेड पडतो. कुणीही बघावं आणि काही होऊ नये. मेंदूला हजारदा सांगून पटत नाही की लढाई संपली. हाताला ते असं पटतं.

हे पटणं अवघड का असतं, तेही ऐका. आपल्याकडं उन्हाळ्यात विहिरींची कामं निघतात. खडक लागला की सुरुंग लावतात. फौजेतून आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या शिवारात सुरुंग उडाला आणि आमच्यातला एक हवालदार भरल्या ताटावरून उठून ओट्याखाली पालथा झाला. नातवंडं हसली. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. माझं म्हणाल तर १९९९ ला कारगिलच्या लढाईत आमच्या तोफा द्रासच्या बाजूला होत्या. त्या लढाईत भारतीय तोफखान्यानं अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली असं सांगतात. बोफोर्स तोफेजवळ उभं राहिलेल्या माणसाचे कान पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. माझ्या डाव्या कानात अजून शिट्टी वाजते. रात्री सगळं निजानीज झालं की जास्तच.

डॉक्टर लोकांनी याला वेळोवेळी नावं दिली. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरानं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ म्हणून लिहिलं. तेव्हा वाटायचं, गोळ्याच्या धक्क्यानं मेंदूला इजा होते. पुष्कळांना तर भित्रे ठरवून परत खंदकात पाठवलं गेलं. आज ज्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनावर राहणारा ताण, म्हणतात ते नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल बघितल्यावर. आपल्या खेड्यात मात्र आजही ‘डोकं फिरलंय’ किंवा ‘फौजी आहे, तापटच असणार’ एवढ्यावर विषय संपवतात. याचं मला फार वाईट वाटतं.

तर पाइप. आमच्याकडं तो एका सुभेदार साहेबांमुळं आला. त्यांच्या पलटणीतले कर्नल साहेब पाइप ओढायचे, आणि सुभेदार साहेब निवृत्त झाले तेव्हा कर्नल साहेबांनी आपला एक पाइप त्यांना भेट दिला. गावाला हा प्रकार अगदीच नवा होता असं नाही. चिलीम आपल्या बापजाद्यांनी ओढलेली. तंबाखू उत्तरेत मोगल दरबारात गेला तोही आपल्या दख्खनमधूनच. १६०४-०५ च्या सुमाराला असद बेग नावाचा सरदार विजापूरहून परतला आणि त्यानं रत्नजडित नळीसकट तंबाखू अकबर बादशहापुढं ठेवला. बादशहानं थोडा ओढून पाहिला, हकीम नको नको म्हणत होता. पुढं जहांगिरानं १६१७ मध्ये बंदी घातली, ती कुणी मानली नाही.

पाइपचं लाकूड मोठं नवलाचं आहे. भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांवर एक झुडूप वाढतं. त्याच्या बुंध्याशी, जमिनीत, लाकडाची गाठ धरते. त्याला ब्रायर म्हणतात. ती गाठ खणून काढायची, उकळायची, महिनोन्महिने वाळवायची आणि मग कोरायची. एवढं सोसलेलं लाकूड विस्तवाला सहजी जळत नाही. सुभेदार साहेब पाइप हातात धरून हे सांगायचे तेव्हा पुढं काही बोलायचे नाहीत आणि आम्हीही विचारायचो नाही. तुर्कस्तानातल्या पांढऱ्या मऊ दगडाचेही पाइप होतात, अमेरिकेत दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचे होतात. फोटोत जनरल मॅकआर्थर यांच्या तोंडात असतो तो मक्याचाच. आमच्यातल्या एकाजवळ तसला आहे, आणि सगळ्यांत हलका तोच.

भरायची रीत अशी. तंबाखू तीन वेळा घालायचा. जुने लोक म्हणत, पहिल्यांदा लेकराच्या हातानं दाबा, दुसऱ्यांदा बाईच्या, तिसऱ्यांदा गड्याच्या. खाली सैल, वर घट्ट. पहिली काडी नुसती वरचा थर करपवायला. तंबाखू फुगून वर येतो, तो खिळ्यानं हलका दाबायचा, मग दुसरी काडी. आणि मग घाई चालत नाही. भराभर ओढलं की भांडं तापतं, हाताला चटका बसतो, जीभ भाजते. फार हळू ओढलं तर विझतं. मधली चाल सापडायला काही आठवडे जातात. श्वास आपोआप लांबतो. लांब, सावकाश सोडलेल्या श्वासानं छातीची धडधड उतरते हे योगाच्या वर्गातही शिकवतात. पण आमच्यातल्या एकालाही कुणी डोळे मिटून श्वासाकडं लक्ष दे म्हटलं असतं तर जमलं नसतं. डोळे मिटले की जे दिसतं तेच तर नको असतं. इथं डोळे उघडे, हात कामात.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाइपचा तंबाखू दोन दिवसांत कडकडीत वाळतो. त्यावर आमच्यातल्या एकानं उपाय काढला. फुटक्या माठाचा कवडीएवढा तुकडा पाण्यात भिजवून, पुसून डबीत टाकायचा. तंबाखू मऊ राहतो. असल्या गोष्टींवर आमच्या तासन् तास गप्पा होतात, आणि त्या मला मोलाच्या वाटतात. कारण त्यांच्यामध्येच कधीतरी, कुणाच्याही तोंडाकडं न बघता, पाइपच्या भांड्यात बघत एखादा म्हणतो, ‘श्रीलंकेत माझ्या जोडीदाराचा सुरुंगावर पाय पडला तेव्हा मी दहा पावलं मागं होतो.’ एवढंच. कुणी ‘मग काय झालं’ विचारत नाही. शेजारचा आपली काडेपेटी त्याच्यापुढं सरकवतो, कारण बोलता बोलता त्याचा पाइप विझलेला असतो. बायकोला, भावाला, डॉक्टरला जे कधी सांगितलं नाही ते तिथं निघतं. मला १९८७ ते १९९० मधली श्रीलंकेतली आपली शांतिसेना पेपरात वाचून माहीत होती. ती खरी काय होती ते मला त्या बाजेवर कळलं.

आपल्या हिंगोलीलाही लष्कराची मोठी आठवण आहे. निजामाच्या राज्यात १९०३ पर्यंत इथं हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेची, छावणी होती. त्याच कंटिंजंटच्या घोडदळातून पुढं डेक्कन हॉर्स ही पलटण झाली, आणि पहिल्या महायुद्धात १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुड नावाच्या रानाजवळ या दख्खनी घोडदळानं भाले सरसावून मशीनगनच्या माऱ्यात चढाई केली. परत आलेले स्वार संध्याकाळी कुठं बसले असतील, कुणाशी बोलले असतील, हा विचार मला नेहमी येतो. १९१४ च्या नाताळाला इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावानं फौजेला पितळी डब्या वाटल्या होत्या. गोऱ्या शिपायांच्या डबीसोबत पाइप आणि तंबाखू. शीख जवान तंबाखूला शिवत नाहीत म्हणून त्यांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी. ही खडीसाखर मला फार आवडते. देणाऱ्याला कळलं होतं की खंदकातल्या माणसाला हातात धरायला आपलं असं काहीतरी लागतं, मग ते काहीही असो.

आता जे सांगतो ते लक्ष देऊन ऐका. तंबाखू वाईट आहे. पाइपचा धूर छातीत न ओढता तोंडात फिरवून सोडतात, म्हणून तो निरुपद्रवी असं कुणी सांगितलं तर मानू नका. ओठ, जीभ, घसा, अन्ननलिका, फुफ्फुस या सगळ्यांचा कॅन्सर पाइपनंही होतो. ज्यानं कधी ओढला नाही त्यानं हे भाषण ऐकून सुरू करू नये, तरुणांनी तर अजिबात नाही. आमच्यातल्या महार रेजिमेंटच्या नायकाच्या गालात पांढरा चट्टा उठला. तपासणीत वेळेवर सापडलं, डॉक्टरांनी तंबाखू बंद केला. आठ-दहा दिवस तो आखाड्यावर फिरकला नाही. झोप उडाली, घरात चिडचिड सुरू झाली. मग सुभेदार साहेब स्वतः त्याच्या दारात गेले आणि म्हणाले, ‘रिकामा पाइप घेऊन ये.’ तो आला. आजही येतो. रिकामा पाइप दातात धरतो, पुसतो, खिळ्यानं खरवडतो, इतरांच्या काड्या ओढून देतो. झोप परत आली. तंबाखू गेला तरी त्याचं काही अडलं नाही, हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर आणखी दोघांनी सोडला. मीही आता आठवड्यातून एखाद्या वेळीच भरतो. बाकी दिवस माझ्या थैलीत बडीशेप असते.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना माझी विनंती आहे. तो संध्याकाळी बाहेर पडत असेल तर ‘कुठं निघालात’ म्हणून अडवू नका. त्याच्यासारखा दुसरा कुणी पंचक्रोशीत आहे का ते शोधा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली तर मार्ग निघतो. दोघं भेटले की पुढचं ते बघतील. आणि झोप अजिबात लागत नसेल, जीव नकोसा झाल्याची भाषा निघत असेल, तर बैठकीवर विसंबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातही मनाच्या आजारासाठी पाठवणी मिळते, तिथं संकोच करू नका. तंबाखू सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ हा क्रमांक आहे.

आणि जे स्वतः फौजेतून आलेले माझे भाऊ हे ऐकत असतील, वसमत, कळमनुरी, औंढा, पूर्णा या भागातले, त्यांनी आमच्या आखाड्यावर जरूर यावं. सध्या हळद शिजवायचे दिवस आहेत, कढईचा धूर लांबून दिसतो, त्याच्या रोखानं आलात की चुकायचा नाहीत. पाइप असलाच पाहिजे असं नाही. पलटण विचारू, गाव विचारू, त्यापुढं काही विचारणार नाही.

नमस्कार. जय हिंद.