सुट्ट्या पैशांतली व्हीलचेअर

[दृश्य: लाकडी काउंटर. एक नाणं भिंगरीसारखं फिरतं, डगमगतं, आडवं पडतं.]

हे कॅनडाचं पंचवीस सेंटचं नाणं. तिकडे याला क्वार्टर म्हणतात. आपल्याकडे क्वार्टर म्हटलं की भलतंच काही डोळ्यांसमोर येतं, ते सोडा. आपले जुने चार आणे समजा. वजन ४.४ ग्रॅम, व्यास २३.८८ मिलिमीटर. आत पोलाद, वर तांबं आणि निकेलचे पातळ थर. लोहचुंबक जवळ नेलं की टक्कन चिकटतं.

[दृश्य: भिंगातून नाण्याची काट्याची बाजू.]

आता काटा बघा. व्हीलचेअरवर बसलेला खेळाडू. हातात लांब दांडी, पुढे दगड. हा खेळ व्हीलचेअर कर्लिंग. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायचा आणि दूरच्या वर्तुळात नेऊन थांबवायचा.

२०१० च्या हिवाळी ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकचं यजमानपद व्हँकुव्हरकडे होतं. त्यानिमित्त कॅनडाच्या टांकसाळीनं, रॉयल कॅनेडियन मिंटनं, खेळांची चित्रं असलेली बारा क्वार्टर काढली. त्यातली दोन पॅरालिम्पिकची. व्हीलचेअर कर्लिंगचं नाणं आलं २००७ मध्ये, आइस स्लेज हॉकीचं २००९ मध्ये.

पॅरालिम्पिकची नाणी त्याआधीही निघाली होती. अटलांटाच्या १९९६ च्या स्पर्धेसाठी, आदल्या वर्षी १९९५ मध्ये, अमेरिकेनं अंध धावपटूचं चित्र असलेला चांदीचा डॉलर काढला होता. पण तो डबीत, मखमलीवर ठेवायचा. कॅनडानं हा मान चिल्लरीला दिला. रोजच्या चलनातल्या नाण्यावर पॅरालिम्पिक आणणारी ही जगातली पहिली टांकसाळ. एकेक नाणं दोन कोटींहून जास्त पाडलं गेलं. कॉफीवाल्यानं मोड परत दिली, त्यात व्हीलचेअर. बसचं तिकीट काढायला खिशात हात घातला, त्यातही व्हीलचेअर. कुणी मुद्दाम विकत घेतली नव्हती, म्हणून मला हे नाणं त्या चांदीच्या डॉलरपेक्षा मोठं वाटतं.

[दृश्य: कर्लिंगचा बर्फ. दगड सरकण्याचा घरघराट.]

चित्रात एक वस्तू नाही, लक्षात आलं? झाडू.

नेहमीच्या कर्लिंगमध्ये दगड सुटला की दोघं जण त्याच्यापुढे झाडू घासत धावतात. घासल्यानं दगड जास्त लांब जातो, कमी वळतो. फेकणाऱ्याची चूक थोडीफार सावरून घेता येते. व्हीलचेअर कर्लिंगमध्ये झाडणं नाहीच. वीस किलोच्या आसपासचा ग्रॅनाइटचा दगड. खुर्ची थांबलेली, ती मागे सरकू नये म्हणून बऱ्याचदा सोबतीचा खेळाडू पाठीमागून धरून बसलेला. दांडीनं दगड ढकलला, सोडला, की संपलं. पुढे फक्त बघत राहायचं. जोर किती, वळण किती, सगळा हिशेब आधी. चूक झाली तर ती दगडासोबत शेवटपर्यंत जाणार. एका संघात स्त्री-पुरुष दोघंही हवेत, हाही नियम.

हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आला २००६ मध्ये, तुरीनला. पहिलं सुवर्ण कॅनडाचंच. व्हँकुव्हरला कर्णधार होते जिम आर्मस्ट्राँग, व्यवसायानं दंतवैद्य, पूर्वी उभ्यानं कर्लिंग खेळलेले आणि त्यातही नावाजलेले. अंतिम सामन्यात समोर दक्षिण कोरिया. निकाल ८-७. एका गुणानं का होईना, नाण्यावरच्या खेळाची लाज राखली.

[दृश्य: दुसरं क्वार्टर. स्लेजवर बसलेला हॉकीपटू.]

दुसऱ्या नाण्याचं नशीब वेगळं. स्लेज हॉकीत खेळाडू दोन पात्यांच्या घसरगाडीवर बसतो. दोन्ही हातांत आखूड काठ्या. एका टोकानं चकती मारायची, दुसऱ्या टोकाच्या दातेरी खिळ्यांनी बर्फ उकरत पुढे सरकायचं. वल्हं आणि हत्यार एकच. हॉकी म्हणजे कॅनडाचा जीव की प्राण, त्यात घरचं मैदान. उपांत्य फेरीत जपाननं ३-१ नं हरवलं. कांस्यपदकही नॉर्वेनं २-१ नं नेलं. सुवर्ण गेलं शेजारी, अमेरिकेला. खिशात नाणं, गळ्यात काहीच नाही!

[दृश्य: दोन नाणी शेजारी शेजारी, छाप्याची बाजू वर.]

आता छापा. राणी एलिझाबेथ, शेजारी स्पर्धेचं बोधचिन्ह. ऑलिम्पिकच्या नाण्यांवर दगडांवर दगड रचून केलेला माणूस, पॅरालिम्पिकच्या नाण्यांवर पॅरालिम्पिकचं वेगळं चिन्ह. नीट लक्षात ठेवा, कारण टांकसाळीतच गफलत झाली. व्हीलचेअर कर्लिंगच्या काही नाण्यांना पाठीमागे ऑलिम्पिकचा छापा बसला. अशा विजोड नाण्याला संग्राहक म्यूल म्हणतात, म्हणजे खेचर. नेहमीचं नाणं आजही पंचवीस सेंटचंच. खेचराला मात्र कितीतरी पट पैसे मोजायला लोक तयार असतात.

[दृश्य: मूठभर चिल्लर टेबलावर ओतली जाते. एक बोट नाणी उलटवू लागतं.]

म्हणून हा माणूस व्हीलचेअर दिसली की नाणं लगेच उलटतो. आधी राणीशेजारचं चिन्ह बघतो, मग पुढचं नाणं उचलतो.