ख्रिस्ती नसलेल्यांचं तारण

[ओव्हल मैदान. मागे राजाबाई टॉवर.]

डिसेंबर १९६४. आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषदेसाठी पोप सहावे पॉल मुंबईत आले. युखारिस्त म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा ख्रिस्ती विधी. ३ तारखेला इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना घेतली: असत्यातून सत्याकडे, अंधारातून उजेडाकडे, मृत्यूतून अमृताकडे ने. ही प्रार्थना आपल्याही काळाची आहे, असं ते म्हणाले.

बाराच दिवस आधी, २१ नोव्हेंबरला, त्यांनी रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, ‘लुमेन जेन्शियम’ हा दस्तऐवज जाहीर केला होता. जो ख्रिस्ती नाही त्याचं तारण, म्हणजे पापातून सुटका आणि देवाजवळचं सार्वकालिक जीवन, होऊ शकतं का, याचं उत्तर त्याच्या सोळाव्या परिच्छेदात आहे.

होऊ शकतं. पण इथला एकेक शब्द तोलून ठेवलाय. त्या माणसाला शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, ठाऊक नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. तो खऱ्या मनाने देवाला शोधतो. सदसद्विवेकाला देवाची इच्छा जशी उमगते, तसं वागायची धडपड करतो. आणि ही धडपडही देवाच्या कृपेनेच होते. बोलताना नेमका हा शेवटचा भाग गळतो आणि शिकवण ‘चांगलं वागा, पुरे’ एवढीच उरते. ख्रिस्ती श्रद्धेत सत्कर्मं साठवून तारण मिळत नाही. तारणारा येशूच, त्याची कृपा त्याला न ओळखणाऱ्यापर्यंतही पोचते, असं परिषद सांगते.

‘ठाऊक नाही’ म्हणजे काय, हेही बघायला हवं. माहीमच्या चर्चवरून रोज बसने जाणाऱ्याने येशूचं नाव ऐकलेलंच असतं. पण नाव कानावर पडणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं. पटूनही जो मुद्दाम पाठ फिरवतो, त्याच्याबाबत त्याच दस्तऐवजाचा चौदावा परिच्छेद कठोर आहे.

[माउंट मेरी, बांद्रा. मेणबत्त्यांचे ठेले.]

सप्टेंबरच्या जत्रेत मोत माउलीपुढे, म्हणजे येशूची आई मरिया हिच्यापुढे, सगळ्या धर्मांचे लोक येतात. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं घर. ज्याचा जसा नवस. ही भक्ती मनापासूनची आहे. पण तिच्यावरून कोणाच्या तारणाचा निकाल लावता येत नाही, आणि चर्च तो लावतही नाही.

‘चर्चबाहेर तारण नाही’ हे जुनं वचन पुन्हा पुन्हा पुढे येतं. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी ते लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर फुटून निघालेले ख्रिस्ती होते. मात्र १४४२ साली फ्लोरेन्सच्या परिषदेने ते यहुदी आणि मूर्तिपूजकांनाही लावलं, हे लपवण्यात अर्थ नाही. शुभवर्तमान सगळीकडे पोचलंय, न मानणारा जाणूनबुजून नाकारतो, अशी तेव्हा युरोपात समजूत होती. १४९२ साली कोलंबस अमेरिकेला पोचला, त्यानंतर शुभवर्तमान घेऊन कोणीच न पोचलेले प्रदेश समोर आले आणि ती समजूत डळमळली.

कॅथलिक चर्चपासून वेगळे झालेल्या प्रोटेस्टंटांमध्ये यावर एकमत नाही. त्यांच्यातली, बायबलचा शब्द सर्वोच्च मानणारी इव्हँजेलिकल मंडळी बायबलमधल्या योहान १४:६ या येशूच्या वचनावर बोट ठेवतात: ‘माझ्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही.’ निसर्गातून होणारं देवाचं ज्ञान तारू शकत नाही, असं १९७४ चा त्यांचा लोझान करार स्पष्ट म्हणतो.

[चर्चचा अंतर्भाग. मिस्सा चालू आहे.]

मुंबईत कितीतरी घरांत दोन धर्म नांदतात. अशा घरातलं ख्रिस्ती नसलेलं कोणी वारलं, की हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, चौथ्या युखारिस्त प्रार्थनेत धर्मगुरू आधी ख्रिस्ताच्या शांतीत गेलेल्यांची आठवण करतो, आणि लगेच पुढे त्या सर्व मृतांची, ज्यांची श्रद्धा एकट्या देवालाच ठाऊक होती.