निळ्या उजेडाचे वीस सेकंद

(दृश्य: दाताच्या दवाखान्यातली खुर्ची. जबड्यावर पडलेला निळा उजेड.)

"आ करा. अजून थोडं मोठं. हां, आता हलू नका."

वीस सेकंद निळा उजेड, मग दिव्याची बारीक पिप् आणि काम झालं. मघाशी लोण्यासारखं दाबलं जात होतं ते फिलिंग आता दगडासारखं लागतं. खुर्चीतल्या माणसाला वाटतं, दिव्यानं ते वाळवलं. पण वाळणं म्हणजे काहीतरी उडून जाणं, ओल्या कपड्यातून पाणी जातं तसं. इथून काहीच उडून गेलेलं नाही. होतं ते सगळं जागच्या जागी आहे, फक्त एकमेकांना धरून बसलंय.

(दृश्य: काळ्या सिरिंजमधून बाहेर येणारं दातांच्या रंगाचं मटेरियल.)

याला कॉम्पोझिट म्हणतात. वजनाच्या हिशेबात यात बराचसा भाग काचेच्या बारीक भुकटीचा. उरलेला भाग रेझिनचा, म्हणजे पुढे कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा, आणि त्यात बहुतेक वेळा बिस-जीएमए नावाचा मधापेक्षाही घट्ट रेणू असतो. त्याच्या दोन्ही टोकांना कार्बनचा एकेक दुहेरी बंध. तो बंध उघडला की शेजारच्याला धरतो. पण आपणहून उघडत नाही, त्याला कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते.

ती सुरुवात करणारा रेणू कापराच्या कुळातला आहे. हो, आपण आरतीत जाळतो त्याच कापराच्या. कापराच्या रेणूतले दोन हायड्रोजन काढले आणि एक ऑक्सिजन घातला, की कॅम्फरक्विनोन तयार होतं. पांढऱ्या कापरापासून पिवळी पूड! पिवळी अशासाठी, की ती निळा उजेड गिळते, सगळ्यात जास्त ४६८ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणून दिवा निळा ठेवलेला आहे, शोभेसाठी नव्हे. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढची नारिंगी काचही त्याचसाठी: निळं तेवढं अडवायचं.

(दृश्य: ॲनिमेशन. एक पिवळा रेणू उजेड घेतो, शेजारच्या अमाइन नावाच्या मदतनीस रेणूकडून हायड्रोजन ओढतो.)

उजेड गिळलेलं कॅम्फरक्विनोन शेजारच्या अमाइनचा एक हायड्रोजन ओढून घेतं. अमाइनवर एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. त्याला जोडीदार हवा असतो, म्हणून तो पहिला दुहेरी बंध उघडतो. आता एकटेपणा पुढच्या रेणूकडे गेला. तो त्याच्या पुढच्याचा बंध उघडतो, मग त्याच्या पुढचा. दोन्ही टोकं जोडली जातात म्हणून नुसता दोरा होत नाही, जाळं विणलं जातं. हे जाळं गरम चहानं वितळत नाही.

आता ज्यासाठी ही फिल्म करावीशी वाटली, त्या गोष्टीकडे येऊ. वरून कडक झालं म्हणजे आतून कडक झालं असं नाही.

काचेची भुकटी उजेड विखुरते, रंगद्रव्यं तो शोषतात. साधारण दोन मिलिमीटरच्या खाली पोचेपर्यंत तो फारच क्षीण झालेला असतो. गडद छटेच्या मटेरियलला वेळ जास्त लागतो. दिव्याचं टोक दातापासून दूर धरलं, तिरकं धरलं, किंवा त्यावर जुन्या मटेरियलचा थर चिकटलेला असला, तर तळाला मऊ भाग राहतो. टोचणीनं वरून खरवडून तो कळत नाही, कळतो तो पुढे कधीतरी दात ठणकायला लागल्यावर. म्हणून चांगले डॉक्टर थर देतात. दोन मिलिमीटर, उजेड, पुन्हा दोन मिलिमीटर, पुन्हा उजेड. पेशंटला वाटतं, इतका वेळ कशाला! ते थर बसवायला लागणारा वेळ दातासाठीच आहे.

थर देण्याला दुसरंही कारण आहे. रेणू नुसते शेजारी असतात तेव्हाचं अंतर हात धरल्यावर निम्म्याहून कमी होतं. सगळं फिलिंग दोन-तीन टक्क्यांनी आक्रसतं आणि दाताच्या भिंतीपासून सुटू पाहतं.

(दृश्य: दाताच्या एनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कडक थरावर, निळं जेल. धुतल्यावर खडूसारखा पांढरा डाग.)

ते धरून ठेवण्याची युक्ती रंगकामातून आली. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यात फॉस्फरिक आम्ल वापरत. १९५५ साली अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी तेच आम्ल एनॅमलवर लावून पाहिलं. पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे पडले आणि रेझिन त्यांत शिरून अडकलं. राफेल बोवेन यांच्या बिस-जीएमएच्या रेझिनचं पेटंट १९६२चं. तेव्हा दोन पेस्ट कालवून ते घट्ट करावं लागे, आणि कालवलं की घड्याळ सुरू. पुढे अतिनील दिवे आले. त्यांचा उजेड खोल जात नसे, आणि डोळ्यांचीही काळजी होती. निळा दिवा त्यांच्यानंतरचा.

(दृश्य: कापसानं फिलिंगचा वरचा भाग पुसणारा हात.)

उजेड पडल्यावरही वरचा पातळ थर चिकट लागतो. तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे. ऑक्सिजन त्या एकट्या इलेक्ट्रॉनला मध्येच पकडतो, साखळी तिथेच थांबते. पुढचा थर याच चिकटपणावर बसतो, म्हणून मधल्या थरांवर तो पुसत नाहीत. शेवटच्या थरावर मात्र ग्लिसरीनचं जेल लावून हवा तोडतात आणि पुन्हा उजेड देतात. जेल नेलपॉलिशवर शेवटी अल्कोहोलचा बोळा फिरवतात, तोही हाच थर काढण्यासाठी.

(दृश्य: रात्र. घराची खिडकी. दिवा मालवला जातो.)

पेशंट घरी गेला, जेवला, झोपला. वीस सेकंदांत सगळे बंध उघडलेले नसतात. साधारण ५५ ते ७५ टक्केच उघडतात, कारण जाळं घट्ट होत जातं तसं रेणूंना सरकायला जागाच उरत नाही. काही एकटे इलेक्ट्रॉन आत अडकून पडतात. तोंड बंद आहे, उजेड नाही, तरी त्यांतल्या काहींना हळूहळू जोडीदार सापडत राहतो. उद्या सकाळी दात घासेपर्यंत हे फिलिंग कालपेक्षा थोडं कडक झालेलं असेल.